परत दाबलं तर

महाविद्यालयाच्या ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी यादीचा कागद टेबलावर पसरला आणि पेन्सिलीने तीन ओळींवर खुणा केल्या. नाव एकच, जन्मतारीख एकच, बारावीचा बैठक क्रमांकही एकच. अर्ज क्रमांक मात्र तीन. "मॅडम, ही मुलगी एक धरायची का तीन?" त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी बी. ए. भाग १ ची गुणवत्ता यादी लावायची होती आणि त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. मी कागद ओढून घेतला आणि खाली पाहत गेले. दोनदा पडलेली नावं पानोपानी होती. ती छाटत आम्ही दोघं रात्री नऊपर्यंत बसलो, त्यातले दोन तास लोडशेडिंगमुळे मेणबत्तीच्या उजेडात.

२००८ सालचा जून होता. सांगलीत चार जणांच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी नोकरीला होते आणि जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयासाठी प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज मी एकटीने लिहिला होता. पीएचपी आणि मायएसक्यूएल. अर्ज पूर्ण मराठीत होता. वाडीवस्तीवरून येणाऱ्या मुलीला तो स्वतःच्या हाताने भरता यावा म्हणून प्रत्येक रकान्याखाली काय लिहायचं ते मी सोप्या भाषेत लिहिलं होतं. तपासणीही मीच केली होती: ऑफिसात, चांगल्या लाईनवर, सबमिट एकदाच दाबून, उत्तर येईपर्यंत हात बाजूला ठेवून.

बी.एस्सी.चे अर्ज अजून चार दिवस चालू राहणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या गावच्या एसटी स्टँडजवळच्या नेट कॅफेत जाऊन बसले. तासाला वीस रुपये, सहा संगणक, त्यांतले तीन इन्व्हर्टरवर. शेजारच्या खुर्चीत एक मुलगी माझाच अर्ज भरत होती. मागे तिचे वडील उभे, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत दाखले. पाऊण तास ती एकेक अक्षर शोधून टाइप करत होती. शेवटी तिने सबमिट दाबलं. पान पांढरं झालं आणि तसंच राहिलं. वडिलांनी विचारलं, "झालं का गं?" ती म्हणाली, "फिरतंय अजून." कॅफेतल्या मुलाने जागेवरूनच आवाज दिला, "अगं परत दाब की." तिने परत दाबलं. थोड्या वेळाने "आपला अर्ज मिळाला" असं माझं वाक्य पडद्यावर आलं, खाली अर्ज क्रमांक. प्रिंटरला कागद नव्हता. कागद घालून होईपर्यंत पडद्यावर काहीतरी अर्धवट दिसू लागलं म्हणून मुलाने येऊन एफ-५ दाबलं. इंग्रजीत एक खिडकी उघडली: माहिती पुन्हा पाठवावी लागेल, रिट्राय की कॅन्सल? मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी कोण हे तिला माहीत नव्हतं. "कॅन्सल दाबलं तर फॉर्मच कॅन्सल होईल ना, ताई?" असं म्हणून तिने रिट्राय दाबलं.

त्या पाऊण तासात मी जे पाहिलं ते मला कुठल्याही पुस्तकाने इतक्या स्वच्छपणे दाखवलं नसतं. तिचं प्रत्येक दाबणं बरोबर होतं. समोरून काहीच उत्तर नाही, तेव्हा तिने "पोचलं का?" असं विचारलं. विचारायला तिच्याकडे तेवढं एकच बटण होतं. आणि माझा कोड त्या प्रश्नाला दर वेळी नवीन अर्ज समजून घेत होता.

आत काय घडत होतं ते सांगते. ब्राउझर सर्व्हरशी मुख्यतः दोन रीतींनी बोलतो. गेट म्हणजे मागणं: हे पान दाखव, ती यादी दाखव. शंभर वेळा मागितलं तरी सर्व्हरवर काही बदलू नये, अशी अपेक्षा असते. पोस्ट म्हणजे देणं: हा अर्ज घे, ही रक्कम जमा कर. दर वेळी दिलं की दर वेळी काहीतरी घडतं. माझं पान अर्ज पोस्टने घ्यायचं, टेबलात नोंद घालायचं आणि तिथल्या तिथे "आपला अर्ज मिळाला" छापून मोकळं व्हायचं. म्हणजे मुलीसमोर जे पान होतं ते त्या पोस्टचंच उत्तर होतं. ते पान ताजं करायचं तर ब्राउझरला तोच पोस्ट पुन्हा करण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

उपाय आधीच सापडलेला होता, मला माहीत नव्हता एवढंच. अर्ज घ्या, नोंद करा, आणि उत्तर म्हणून पान न छापता ब्राउझरला सांगा की आता त्या पत्त्यावर जा. तिथे ब्राउझर गेटने जातो आणि पावती मागतो. आता एफ-५ कितीही दाबा, पावतीच पुन्हा येते. पोस्ट, रिडायरेक्ट, गेट. मायकेल जुराव्लेव यांनी २००४ साली यावर एक सविस्तर लेख लिहिला होता आणि जावावाल्यांत तो बराच वाचला गेला. आम्ही पीएचपीवाले तेव्हा एकमेकांच्या फाईली कॉपी करून शिकत होतो आणि त्या फाईलींत रिडायरेक्ट फक्त लॉगिनपुरता असायचा.

या रिडायरेक्टचा इतिहास मी पुढे वाचला आणि तो मला फार आवडतो. एचटीटीपी म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याचे नियम. १९९६ च्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात ३०२ हा क्रमांक होता: "पान तात्पुरतं दुसरीकडे गेलंय." पोस्टला असं उत्तर आलं तर नव्या पत्त्यावरही पोस्टच व्हायला हवा, असा त्या दस्तऐवजाचा रोख होता. पण बऱ्याच ब्राउझरांनी तिथे गेट करायला सुरुवात केली आणि हे चुकीचं आहे अशी टीप त्या दस्तऐवजातच आहे. वेबवर लिहिणाऱ्यांना मात्र नेमकं तेच हवं होतं. मग १९९७ मध्ये त्याच कामासाठी ३०३ आला, "उत्तर तिकडे आहे, गेटने जाऊन पाहा". १९९९ मध्ये ३०७ आला, ज्यात पोस्ट पोस्टच राहतो. ३०२ लोकांनी जसा वापरला तसाच राहिला. आपल्याकडे मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली अनुच्चारित अनुस्वार लेखनातून काढले, तेव्हा ते बोलण्यातून केव्हाच गेलेले होते. नियम कधीकधी असे वापराच्या मागून येतात. पीएचपीत नुसतं लोकेशन हेडर, म्हणजे नवा पत्ता सांगणारी ओळ, पाठवलं तर आजही ३०२ जातो. मी ३०३ स्पष्ट लिहिते, कारण वाचणाऱ्या पुढच्या माणसाला माझा हेतू त्या आकड्यातून कळतो.

एफ-५ चा प्रश्न असा सुटला. "परत दाब की"चा सुटला नव्हता. पहिल्या पोस्टचं उत्तर यायच्या आतच दुसरा पोस्ट निघाला तर रिडायरेक्ट काय करणार? दोन्ही सर्व्हरवर पोचतात, दोन्हींच्या नोंदी होतात. मी घाईने एक अट घातली: तीच जन्मतारीख आणि तोच मोबाईल क्रमांक असलेला अर्ज आधी आला असेल तर दुसरा नाकारायचा. दोन दिवसांनी भाऊसाहेबांचा फोन आला. जुळ्या बहिणी होत्या. घरात मोबाईल एकच, वडिलांचा. एकीचा अर्ज गेला, दुसरीला माझ्या साईटने "आपण आधीच अर्ज केला आहे" असं सांगून परत पाठवलं होतं. ती बिचारी तीनदा प्रयत्न करून घरी गेली होती. फॉर्म मी त्याच दिवशी हाताने टेबलात घातला, पण ते वाक्य तिने तीनदा वाचलं याचं मला अजून वाईट वाटतं.

माणसांवरून अर्ज ओळखायला गेले ही चूक होती. ओळखायचा होता तो अर्जाचा कागद. तेव्हापासून फॉर्म उघडताना सर्व्हर त्यात एक लांबलचक, अंदाज न करता येणारा क्रमांक दडवून पाठवतो. हा क्रमांक, म्हणजे टोकन, अर्जासोबत परत येतो आणि टेबलात त्या रकान्यावर युनिक इंडेक्स असतो. त्याच टोकनचा दुसरा अर्ज आला की डेटाबेस तो घ्यायला नकार देतो. आधी आहे का ते पाहायचं आणि मग घालायचं, असं कोडमध्ये करून भागत नाही, कारण दोन पोस्ट एकाच क्षणी पाहतात आणि दोघांनाही "नाही" असं दिसतं. हा निवाडा डेटाबेसवरच सोपवावा लागतो. नकार आला की माझा कोड त्या टोकनची जुनी नोंद शोधतो आणि दुसऱ्यांदा दाबणाऱ्यालाही ३०३ ने त्याच पावतीकडे नेतो. त्याला कसलीच चूक दाखवत नाही. "पोचलं का?" असं त्याने विचारलं होतं, "पोचलं, हा तुमचा क्रमांक" असं त्याला उत्तर मिळतं.

याच काळात एका रात्रीने माझी फार परीक्षा पाहिली. रिडायरेक्ट माझ्या संगणकावर उत्तम चालत होता. सर्व्हरवर चढवला तर पांढरं पान, वर एक ओळ: हेडर बदलता येत नाहीत, ते आधीच गेले आहेत, आणि आउटपुटची सुरुवात अमुक फाईलच्या ओळ १ वर झाली आहे. ओळ १ वर फक्त पीएचपी सुरू करण्याची खूण होती. तिच्या आधी एक मोकळी जागासुद्धा नव्हती. मी फाईल पुन्हा टाइप केली, पुन्हा चढवली, पुन्हा तेच.

सर्व्हरचं उत्तर ठरलेल्या क्रमाने जातं: आधी हेडर, मग एक मोकळी ओळ, मग पान. लोकेशन हे हेडर आहे, सेशनची कुकी, म्हणजे लॉगिन केलेल्याला ओळखण्याची खूण, सुद्धा हेडरमधूनच जाते. पानाचा पहिला बाइट बाहेर पडला की हेडरांचं दार बंद. म्हणजे माझ्या फाईलमधून कुठलातरी बाइट आधीच बाहेर पडत होता आणि तो मला दिसत नव्हता. कंपनीत एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली होती: ज्या फाईलींत मराठी मजकूर आहे त्याच बिघडतात. "मराठी घातलं की साईट गंडते," असं म्हणायला सुरुवातही झाली. आमच्या साहेबांनी सुचवलं की सूचना इंग्रजीत करून टाका, मुलांना तेवढं इंग्रजी येतं. उद्यापर्यंत मुदत द्या, एवढंच मी त्यांना म्हणाले.

रात्री एकच्या सुमारास मी ती फाईल हेक्स एडिटरमध्ये उघडली. खुणेच्या आधी तीन बाइट होते: ईएफ, बीबी, बीएफ. ही यूटीएफ-८ ची ओळखखूण. इंग्रजी फाईली आम्ही नोटपॅडमध्ये नेहमीसारख्या साठवत होतो. मराठी मजकूर टाकला की तो टिकण्यासाठी यूटीएफ-८ निवडावं लागे, आणि तेव्हाचं नोटपॅड ते निवडल्यावर फाईलच्या डोक्यावर हे तीन बाइट ठेवत असे. मजकुराच्या फाईलला त्या खुणेचा उपयोगच होतो. पण पीएचपीला आपल्या खुणेआधीचं सगळं म्हणजे पानाचा मजकूर वाटतो, म्हणून ते तीन अदृश्य बाइट ब्राउझरकडे रवाना होत आणि त्यामागून हेडर पाठवता येत नसत. माझ्या संगणकावर बफर चालू होता. ४०९६ बाइट साठेपर्यंत पीएचपी काहीच बाहेर सोडत नसे, त्यामुळे दोष झाकला जाई. सर्व्हरवर बफर बंद होता.

खूण न घालणाऱ्या एडिटरमध्ये सगळ्या फाईली पुन्हा साठवल्या आणि पहाटे तीनला रिडायरेक्ट चालला. एकही मराठी वाक्य काढावं लागलं नाही. सकाळी मी तो कागद, ज्यावर तीन बाइट लिहून ठेवले होते, साहेबांच्या टेबलावर ठेवला. भाषेवर आळ आला होता आणि तो पुसायचा होता, म्हणून मला ते काम इतकं जिव्हाळ्याचं वाटलं. पुढे विंडोज १० च्या २०१९ च्या आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून ती खूण घालेनासं झालं. ती बातमी वाचली तेव्हा मला ती रात्र आठवली.

रिडायरेक्टबद्दल आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली आणि ती कळली तेव्हा हातपाय गार पडले. कर्मचाऱ्यांच्या पानांवर सुरुवातीला मी तपासत असे: लॉगिन नसेल तर लॉगिनच्या पानाकडे रिडायरेक्ट. ब्राउझरमध्ये पाहिलं तर चोख चाले. २०१० मध्ये एकदा कर्ल वापरायला शिकत होते. हे कमांडवरून चालणारं साधन सांगितल्याशिवाय रिडायरेक्टच्या मागे जात नाही, आलेलं उत्तर जसंच्या तसं दाखवतं. सहज म्हणून लॉगिन न करता अर्जदारांच्या यादीचा पत्ता दिला. ३०२ आला, लोकेशन आलं, आणि त्याच्याखाली संपूर्ण यादी आली. नावं, पत्ते, मोबाईल क्रमांक.

लोकेशन हेडर पाठवल्याने पीएचपीचा कोड थांबत नाही. तो पुढे चालत राहतो, थांबवायचा तर पुढच्याच ओळीवर एक्झिट लिहावं लागतं. ती ओळ मी लिहिलेली नव्हती. यादीचं पान पूर्ण तयार होऊन दर वेळी बाहेर जात होतं, ब्राउझर ते न दाखवता शहाण्यासारखा लॉगिनकडे वळत होता आणि मी त्याच्यावर विसंबले होते. रिडायरेक्ट ही ब्राउझरला केलेली विनंती आहे, कुलूप नाही. त्या दिवशी मी सगळ्या फाईलींत एक्झिट घातलं आणि मग सर्व्हरचे लॉग काढून बसले. लॉगमध्ये प्रत्येक उत्तराचा आकार असतो. निव्वळ रिडायरेक्टचं उत्तर काहीशे बाइटचं असतं, माझ्या या उत्तरांचे आकडे पाच अंकी होते. एकेक ओळ तपासली. सगळ्या विनंत्या महाविद्यालयाच्याच कनेक्शनवरून, सेशन संपल्यानंतरच्या. लॉगमध्ये बाहेरचं कुणी दिसलं नाही. महाविद्यालयाला मी हे लेखी कळवलं. कळवायची गरज नव्हती असं काहींचं मत पडलं, माझं आजही तसं मत नाही. त्या यादीतली माणसं माझ्या ओळखीची नव्हती, पण त्यांनी आपला पत्ता माझ्या फॉर्मवर विश्वास ठेवून लिहिला होता.

२०१३ मध्ये अंतर्गत मूल्यमापनाचा फॉर्म आला. तोवर मी रिडायरेक्टनंतर दिसणारा एकवेळचा निरोपही नीट लिहायला शिकले होते. पोस्ट होताना निरोप सेशनमध्ये ठेवायचा, पुढच्या पानावर दाखवायचा आणि पुसून टाकायचा. एका वर्गाचे १२० विद्यार्थी, प्रत्येकाचे ९ रकाने, वर वर्ग, विषय आणि टोकन असे तीन. सरांनी तासभर बसून गुण भरले, जतन केले, पान छान वळलं, वर हिरव्या पट्टीत "गुण जतन झाले". आठवड्याने एक मुलगा गुण शून्य दिसतात म्हणून आला, पाठोपाठ आणखी काही. सगळे हजेरीपटाच्या शेवटाकडचे.

जानेवारी २०१२ मधल्या ५.३.९ आवृत्तीपासून पीएचपी, मर्यादा बदलली नाही तर, एका फॉर्ममधून १००० च रकाने घेते. त्यामागे सबळ कारण होतं: डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये दोन संशोधकांनी दाखवलं होतं की मुद्दाम निवडलेल्या नावांचे असंख्य रकाने पाठवले तर एक साधा फॉर्म सर्व्हरला गुदमरवू शकतो. आमचा सर्व्हर नुकताच नव्या आवृत्तीवर नेला होता. माझ्या फॉर्मचे रकाने १०८३. वरचे तीन गेले की उरतात ९९७, त्यात ११० विद्यार्थी पूर्ण, १११ व्याचे सात रकाने, आणि ११२ ते १२० हे नऊ जण सर्व्हरपर्यंत पोचलेच नव्हते. इशारा लॉगमध्ये पडला होता, पण तो कुणी उघडत नव्हतं. जेवढे आले तेवढे मी जतन केले आणि सगळे झाल्याची हिरवी पट्टी लावली.

मर्यादा वाढवणं पाच मिनिटांचं काम होतं. मला खटकली ती पट्टी. सरांनी गुण दिले होते, माझ्या पानाने "पोचले" म्हटलं होतं, आणि ते खोटं होतं. त्यानंतर फॉर्म निघतानाच विद्यार्थ्यांची संख्या त्याच्यासोबत, सगळ्यात वर, जाते आणि निरोप मोजून लिहिला जातो: "१२० पैकी १२० विद्यार्थ्यांचे गुण जतन झाले." एकही कमी भरला तर काहीच जतन होत नाही, पान भरलेल्या सगळ्या गुणांसकट परत येतं आणि काय राहिलं ते सांगतं. भरलेला मजकूर पुसून कोरा फॉर्म पुढे करणं मला निर्दयपणाचं वाटतं. नेट कॅफेतला पाऊण तास ज्याने पाहिलाय त्याला ते करवणार नाही.

सगळ्यात गुंतागुंतीचा फॉर्म पैशांचा. २०२० च्या ऑगस्टमध्ये प्रवेश घरूनच होत होते आणि शुल्कही घरूनच. विद्यार्थी आमच्या साईटवरून पेमेंट गेटवेकडे जातो, पैसे भरतो, आणि गेटवे ब्राउझरकरवी आमच्या पत्त्यावर एक पोस्ट करून त्याला परत पाठवतो. फोन यायला लागले: पैसे कापले गेले, आणि साईट पुन्हा लॉगिन मागतेय. काहींनी लॉगिन करून दुसऱ्यांदा भरले. त्या उन्हाळ्यात ज्यांच्या घरातलं काम थांबलं होतं अशा घरांतले ते पैसे होते. आम्ही प्रत्येकाला फोन करत होतो, परतावे करत होतो, आणि कारण सापडत नव्हतं. कारण सगळ्यांचं तसं होत नव्हतं. ज्यांचा ओटीपी चटकन आला त्यांचं सुरळीत, ज्यांचा रखडला ते बाहेर.

गाठ त्या रखडण्यातच होती. फेब्रुवारी २०२० पासून क्रोमने नवीन नियम टप्प्याटप्प्याने आणायला सुरुवात केली होती, महामारीमुळे एप्रिलमध्ये तो थांबवला आणि जुलैत पुन्हा सुरू केला. कुकीवर वेगळी सूचना नसेल आणि दुसऱ्या साईटवरून पोस्ट आला, तर सोबत आपल्या साईटची कुकी जाणार नाही. वापरणाऱ्याच्या संरक्षणासाठी हे योग्यच. सवलत एवढीच की कुकी दोन मिनिटांच्या आतली असेल तर जाईल. आम्ही पैसे भरायला पाठवताना सेशनचा क्रमांक बदलत असू, त्यामुळे त्या क्षणी कुकी ताजी असे. दोन मिनिटांत परतला तो ओळखला जाई. त्याहून उशिरा आला तर कुकीशिवाय, अनोळखी. आणि घाव यापुढचा होता. परतीचं माझं पान पहिल्याच ओळीत सेशन सुरू करत होतं. कुकी नाही असं पाहून पीएचपी नवीन सेशन काढत असे आणि त्याची कुकी जुन्या कुकीवर बसत असे. मुलाचं जुनं सेशन सर्व्हरवर शाबूत होतं, त्याची किल्ली माझाच कोड त्याच्या हातातून काढून घेत होता.

परतीच्या पानातून मी सेशन काढूनच टाकलं. ते पान आता फक्त गेटवेची सही पडताळतं, व्यवहाराच्या क्रमांकावरून नोंद पक्की करतं आणि ३०३ देतं. पुढचं पान ब्राउझर गेटने मागतो, आणि त्या गेटबरोबर जुनी कुकी जाते. मूल लॉगिनसकट आपल्या पावतीवर पोचतं. बारा वर्षांपूर्वी एफ-५ साठी शिकलेला तोच ३०३. शिवाय ब्राउझर परत येईल यावर पैशांचा हिशेब ठेवायचा नाही हेही तेव्हा ठरवलं. रेंज गेली, फोन बंद पडला, तरी गेटवेचा सर्व्हर आमच्या सर्व्हरला थेट कळवतो. दोन निरोप आले तर व्यवहार क्रमांकावरचा युनिक इंडेक्स दुसरा परतवतो. आणि पुन्हा भरायला कुणी आलं तर मागचा व्यवहार कुठवर गेला ते आधी पाहिलं जातं.

मागच्या वर्षी आमच्याकडे नवीन रुजू झालेल्या एका मुलाने शिष्यवृत्तीचा फॉर्म लिहिला. बटणाच्या वर त्याने तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं: "कृपया बटण एकदाच दाबा. बॅक किंवा रिफ्रेश करू नये." मी त्याला ती ओळ काढायला सांगितली. "पण ताई, लोकांनी परत दाबलं तर?" त्याने विचारलं. मी म्हटलं, दाबूनच बघू. टोकन आणि इंडेक्स त्याने लावलेले होते, पण त्यांच्यावर त्याचा भरवसा नव्हता. आम्ही ब्राउझरमध्ये लाईन मुद्दाम मंद केली, सबमिट पाच वेळा दाबलं, मध्ये वायफाय काढलं, लावलं, बॅक गेलो, पुन्हा दाबलं. टेबल उघडलं तर नोंद एकच. पावतीही दर वेळी त्याच क्रमांकाची. त्याने ती तांबडी ओळ पुसली.

मग पावतीकडे पाहता पाहता तो थांबला. क्रमांक तोच होता, पण "अर्ज मिळाल्याची वेळ" म्हणून शेवटच्या दाबण्याची वेळ छापली जात होती. अर्जाची मुदत संध्याकाळी सहाची असते. पाच अठ्ठावन्नला पहिल्यांदा दाबणाऱ्याने धाकधुकीने सहा वाजून एक मिनिटाने परत दाबलं तर? त्याने खुर्ची पुढे ओढली आणि फाईल पुन्हा उघडली.